एक बारीकशी हरकत

थोरलीला नोटरी होता आलं नाही, आणि ते तिच्या बापाच्या हातून झालं. हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं. ज्या सकाळी ही गोष्ट सुरू होते त्या सकाळी असलं काहीही घडलेलं नव्हतं. थोरली ओसरीवर बसून अर्ज लिहीत होती, कागदावर चहाचा डाग पडू नये म्हणून आई तिचा कप स्वतःच्या हातात धरून बसली होती, आणि बाप कठड्यावरून वाकून विहिरीतल्या पाण्याकडे संशयाने बघत होता.

बाप सगळ्याकडे तसाच बघायचा. गावात त्याला खात्री म्हणत. दुकानदाराने वजन केलं की "खात्री काय?", पाहुणा उद्या निघतो म्हणाला की "खात्री काय?" एकदा डॉक्टरने त्याला तपासून काही झालेलं नाही म्हणून सांगितलं, तर हा दुसऱ्या डॉक्टरकडे गेला आणि पहिल्या डॉक्टरला काही झालंय का, याची चौकशी करून आला. घरात मात्र तो आप्पा होता.

त्या उन्हाळ्यात विहिरीने दगा दिला. बादली सोडली की खालून नुसता धप्प असा आवाज यायचा, आणि वर यायचा तो काळा, वास मारणारा गाळ. विहीर निम्मी आप्पाची, निम्मी शेजाऱ्याची. शेजाऱ्याचं नाव गावाने कुलूप ठेवलं होतं. घर, गोठा, खताची खोली, सगळ्याला त्याचं कुलूप असायचंच, पण बांधावरच्या झाडालाही साखळी गुंडाळून त्याने एक लावून टाकलं होतं. झाड कुठे पळून जाणार आहे, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "अजून गेलं नाही ना? मग?"

गाळ काढायचं काम एका घराने होत नाही. एकाने खाली उतरून घमेली भरायची, दुसऱ्याने वर रहाटावर दोर धरायचा. एक दिवस हा खाली, दुसऱ्या दिवशी तो. या दोन घरांत आज्यापणज्यापासून चालत आलेली एक रीत होती. उतरणारा कमरेची गाठ स्वतः मारायचा. मग वरचा ती सोडून पुन्हा आपल्या हाताने मारायचा. मग उतरणारा ती ओढून बघायचा, आणि मन भरलं नाही तर सोडायचा. असं करता करता ऊन डोक्यावर यायचं. पण त्या विहिरीत आजवर एकही माणूस पडला नव्हता, कारण मुळात उतरायलाच उशीर व्हायचा.

थोरली वकील होती. धाकटी लग्न होऊन गेली, थोरली कोर्टात गेली. मोठ्या गावच्या कोर्टाच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, एका म्हाताऱ्या वकिलाच्या टेबलाशी तिची खुर्ची होती. टेबल त्याचं, कड हिची. आता म्हातारा काम आवरून मुलाकडे राहायला जाणार होता, आणि टेबल सोबत नेणार होता. मागे राहणार ती खुर्ची. नोटरी झाली तर आवारात हक्काची जागा मिळणार होती, वर पाटी. नाही झाली तर फार दूरच्या शहरातल्या एका कंपनीने बोलावलं होतं. काचेच्या खोलीत बसून दिवसभर कागद तपासायचे, समोर माणूस नाही. आईने त्या कंपनीचं नाव घरात घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. ती त्या शहराला नुसतं "तिकडे" म्हणायची, तेही तोंड वाकडं करून.

जेवताना थोरलीने काय काय लागतं ते सांगितलं. ठरलेली वर्षं वकिली झालेली हवी. ती झाली होती. अंगावर गुन्हा नको. हे ऐकून आप्पाने ताटातून मान वर केली, लेकीला नीट न्याहाळलं, काही सापडलं नाही तशी परत खाली घातली. गावातल्या मानाच्या माणसांनी आम्ही हिला ओळखतो म्हणून सह्या करायच्या. मग कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागणार, कुणाची हरकत असेल तर मुदतीत कळवा. मग चौकशी, मुलाखत, शपथ, आणि सगळं जमलं तर शिक्का.

"शिक्का मिळाल्यावर करायचं काय?" आप्पाने विचारलं.

"माणूस माझ्यासमोर सही करणार. मी खाली लिहिणार, याने माझ्यासमोर सही केली."

"त्याला ते माहीत नसतं?"

"त्याला असतं, आप्पा. दुसऱ्याला नसतं."

आप्पा बराच वेळ एकच घास चावत राहिला. आयुष्यभर तो जे फुकटात करत आला होता, आणि ज्यापायी निम्म्या गावाने त्याच्याशी बोलणं सोडलं होतं, त्याची सरकारात जागा निघते हे त्याला आज कळत होतं. त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि मीठ बरोबर आहे असं आपणहून म्हणाला. आईने घाबरून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सह्या गोळा करायला तो लेकीबरोबर हिंडला. हेडमास्तरांनी अर्ज वाचून त्यातले स्वल्पविराम तपासले आणि मग सही केली. डॉक्टरने ओळखतो असं लिहायच्या आधी थोरलीची जीभ पाहिली. दुकानदाराने दोघांना गिऱ्हाइकं संपेपर्यंत पोत्यांशेजारी उभं केलं. मग म्हणाला, मला मानाचा माणूस कुणी ठरवलं, ते लेखी आहे का? लेखी नाही म्हटल्यावर तो खट्टू झाला. सही केली, पण बारीक, कोपऱ्यात. उद्या कुणी विचारलं तर आपली नाही म्हणता यावी अशी. परतताना आप्पाने त्या सहीकडे पाहून पहिल्यांदाच दुकानदाराचं कौतुक केलं.

कुलपाची सही मागितली नाही. त्याला मागितली असती तर तो बदल्यात काय मागेल याचा नेम नव्हता. तिघांच्या सह्या घेऊन दोघं त्याच्या दारावरून चौथ्याकडे गेले, तेव्हा कुलूप उंबऱ्यात बसून चावी पुसत होता. पुसून झाल्यावर त्याने ती पुन्हा पुसायला घेतली.

नोटीस लागली. आप्पा दर सकाळी आधी कचेरीवर जाऊन ती जागेवर आहे ना ते बघायचा, मग विहिरीवर यायचा. गाळाला अंत नव्हता. वरचं पाणी उपसून झालं की खाली मांडीपर्यंत चिखल, त्यात फुटक्या घागरी, एक चप्पल, कुणाच्या तरी सायकलची चेन. घमेलं वर येताना हिंदकळायचं आणि थंडगार धार खालच्याच्या मानेवरून पाठीत उतरायची. वर उन्हाने टाळकं तापलेलं, तळहाताची सालं दोराला लागून गेलेली. संध्याकाळी दोघं एकाच दगडावर, पण एकमेकांकडे पाठ करून बसायचे आणि नखांतला गाळ काडीने काढायचे. निघालेला गाळ शेतात टाकायला सोन्यासारखा, म्हणून त्याचे दोन ढीग. रोज घरी जाताना दोघंही दोन्ही ढिगांना डोळ्यांनी मापून जायचे.

मुदत सरत आली आणि एकही हरकत आली नाही. आई खूश झाली. आप्पाची भूक गेली. एवढं गाव, त्यात खात्रीची मुलगी, आणि एकालाही काही म्हणायचं नाही? कुणीतरी काहीतरी धरून बसलंय, असं तो म्हणू लागला.

त्यातच चौकशीचा कारकून आला. थोरली कोर्टात गेली होती. कारकुनाने चहा घेतला, घर पाहिलं, आप्पाच्या प्रश्नांना उत्तरं दिली. आप्पाला विचारायचे प्रश्न तसेच राहिले. जाताना फाईल चाळत तो म्हणाला, की एकही हरकत नाही म्हणजे साहेबांना चैन पडत नाही. साहेब म्हणतात, ही बाई गावात राहते तरी का? माणूस राहतो तिथे कुणाला ना कुणाला त्याचा त्रास होतोच.

"एखादी बारीकशी असती," कारकून हेल्मेट चढवत म्हणाला, "आम्ही फेटाळली असती. फाईलला जरा वजन आलं असतं."

हे तो गमतीने म्हणाला असावा. पण त्या घरात गंमत कुणी करत नसल्यामुळे ती ओळखायची सवय कुणाला नव्हती. आप्पाला तर सगळं लख्ख पटलं. न तपासलेल्या गाठीवर माणूस विहिरीत सोडत नाहीत, मग न ओढलेल्या फाईलवर सरकार शिक्का कसा देईल?

दुसऱ्या दिवशी खाली उतरायची पाळी कुलपाची होती. आप्पाने दोन घमेली वर ओढली, तिसरं सोडताना कठड्यावरून वाकला, आणि थोरलीच्या अर्जाला त्याची काही हरकत आहे का असं विचारलं. खालून उत्तर आलं, नाही. बारीकशी? अजिबात नाही. आप्पा आणखी वाकून म्हणाला,

"अरे, मग घे की."

खाली फावडं थांबलं. मग दोराला दोन हिसके बसले. वर ओढ, ही खूण. कुलूप वर आला तो डोळ्यांपर्यंत काळा. त्याने आधी कमरेची गाठ सोडली, दोर हातात घट्ट धरला, आणि मगच बोलला. "दोर तुझ्या हातात असताना असलं विचारू नकोस. काय डाव आहे?"

आप्पाने सगळं सरळ सांगितलं. तिथेच चुकलं. खोटं सांगितलं असतं तर कुलपाने त्यातलं खरं शोधून काढलं असतं आणि गप्प बसला असता. सरळ गोष्टीत त्याला शोधायला काही सापडेना. मी हरकत घेणार, ती फेटाळणार, मग हा म्हणणार बघा याचा आमच्यावर दात आहे, आणि माझी निम्मी विहीर घेणार, असा हिशेब त्याने मांडला, आणि त्या दिवसापासून तो भयंकर चांगला वागायला लागला.

आप्पाने त्याला डिवचायचं सोडलं नाही. दिवसभराचा गाळ आपल्याच ढिगावर ओतला. कुलूप म्हणाला, घे, तुझं रान माझ्यापेक्षा हलकं आहे. आप्पाने बादली आपल्या घरी नेऊन ठेवली. कुलपाने सोबत कडीही पाठवली. आप्पाने चारचौघांत त्याला चावीचोर म्हटलं, तर कुलपाने हात जोडले. शेवटी त्याने बांधावरच्या झाडाचं कुलूप काढलं, तेव्हा गाव ते बघायला आलं. झाड काही हललं नाही. पण लोक परत जाताना हळू आवाजात बोलत होते, आणि दोघांतिघांनी घरी जाऊन आपापल्या दारांना नव्याने कड्या बसवून घेतल्या.

आईने दोनदा आप्पाला विचारलं, तुमचं हे काय चाललंय. त्याने सांगितलं, गाळ काढतोय.

मुदतीचा शेवटचा दिवस. थोरली कोर्टात गेली नाही, घरीच होती. संध्याकाळी कचेरीत जाऊन फळ्यावरची नोटीस उतरवताना बघायची असं तिने ठरवलं होतं. आप्पा खाली होता. तळाचा खडक लागला होता, आणि एका फटीतून बोटाएवढं पाणी येऊ लागलं होतं. कुलूप वर दोर धरून उभा होता. त्याने थोरलीला हाक मारली आणि खांदा पुढे करून सांगितलं, खिशात कागद आहे, काढ आणि वाचून चुका सांग. त्याचे आजवरचे सगळे कागद तीच तपासून द्यायची. गावात दुसरं कोण होतं?

तिने उभ्याने वाचलं. लिहिलं होतं: "बाईंच्या अर्जाला माझी काही हरकत नव्हती. बाईंच्या वडिलांनी मला हरकत घे म्हणून सांगितलं. आता माझी हरकत आहे. ज्या घरात मुलीवरची हरकत बाप मागवतो, त्या घरात खऱ्याखोट्याचा शिक्का देऊ नये."

"रागाने नाही लिहिलं, पोरी," कुलूप म्हणाला. "झोप लागेना. उद्या याची चौकशी लागली तर मी आधीच खरं सांगून मोकळा."

थोरली कठड्याशी गेली. खाली आप्पाचं डोकं आणि खांदे एवढंच दिसत होतं.

"आप्पा, तुम्ही काकांना हरकत घ्यायला सांगितलीत?"

पहारीचा आवाज थांबला. "मला वर घे."

"आधी सांगा."

कुलूप दोन्ही हातांनी दोर धरून आभाळाकडे बघत राहिला, जणू दोर दुसऱ्याच कुणाचा होता. खाली पाण्याचा टपटप आवाज येत होता. आप्पा म्हणाला की कारकून तसं म्हणाला होता. मग म्हणाला की तिच्याच भल्यासाठी. तिने पुन्हा विचारलं, हो की नाही.

"हो."

तो शब्द विहिरीच्या भिंतीवर आपटत दोनदा वर आला, म्हणजे ऐकण्यात चूक व्हायला जागा राहिली नाही. थोरलीने कुलपाला म्हटलं, ओढा.

आई धावत आली होती. तिने कागद मागितला, फाडायला. थोरली म्हणाली, यातलं सगळं खरं आहे.

"खरं आहे म्हणूनच फाड," आई म्हणाली.

थोरलीने कागद दिला नाही. तिने त्याची घडी घातली, पुन्हा उघडली, आणि कुलपाला म्हणाली, "काका, हे असं घेणार नाहीत. हरकत शपथेवर लागते. नोटरीसमोर."

हे तिने सांगायला नको होतं, असं आईला वाटलं, आप्पाला वाटलं, आणि खरं सांगायचं तर कुलपालाही वाटलं. तो म्हणाला, मग चल, नोटरी कुठे बसतो? थोरली म्हणाली, होता तो थंडीत वारला. म्हणून तर जागा निघाली.

चौघंही कचेरीत गेले. आप्पाच्या अंगावरचा गाळ वाटेत वाळला आणि तो चालला की खपल्या पडायच्या. शिपायाने त्याला आत न घेता पायरीवरच्या जुन्या पेपरावर बसवलं. कारकुनाने कागद वाचला, आप्पाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. तरी त्याने कागदावर मिळाल्याचा शिक्का मारला. मिळाला आहे म्हणून आता तो टाकता येत नाही, असं त्याने समजावलं. शपथेवर नाही म्हणून दाखल करता येत नाही. दाखल नाही म्हणून फेटाळता येत नाही. आणि हरकत फेटाळल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.

"मी मागेच घेतो," कुलूप म्हणाला.

मागे घ्यायचं झालं तर तेही शपथेवर लागतं, कारकून म्हणाला. दुसरीकडच्या नोटरीकडे गेलं तर? हद्दीतलाच लागतो. हद्दीत कोण आहे? कारकुनाने थोरलीच्या फाईलवर हात ठेवला. पायरीवरून आप्पाने विचारलं, हे सगळं असंच आहे याची खात्री काय? कारकुनाने त्याला नियमाचं पुस्तक बाहेर नेऊन दाखवलं. आप्पाने ते बोटाने ओळ न ओळ वाचलं. वाचून झाल्यावर तो उठला आणि पेपराची घडी करून शिपायाला परत दिली.

विहिरीत पाणी आलं. आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, गोड आणि स्वच्छ. ते कुणीच कुणाला सांगितलं नाही. म्हातारा वकील टेबल टेम्पोत घालून गेला. थोरलीने खुर्ची घरी आणली. ओसरीवर ठेवली, पण तिच्यावर कुणी बसेना, आणि आई रोज तिला पुसू लागली. थोरली आप्पाशी बोलत होती. पाणी हवंय का, जेवायला चला, पाठीला तेल लावू का. एवढंच. तो तिच्याकडे बघायचा, काही विचारायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. कंपनीला तिने होकार कळवला. आईने तिची बॅग भरली. भरताना एकदाही "तिकडे" म्हटलं नाही. शहराचं नाव घेतलं, साध्या आवाजात, आणि तिथे थंडी असते का ते विचारलं.

निघायच्या आदल्या दुपारी कुलूप आला. ओसरीखाली उभा राहिला. त्याच्या मागे आप्पा होता. दोघं एकत्र चालत आले होते, हे बघून आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. कुलपाने सांगितलं की एक अर्ज लिहायचाय, आणि लिहिणारं गावात दुसरं कुणी नाही. थोरलीने विचारलं, कुणाचा अर्ज. कुलूप म्हणाला माझा. आप्पा म्हणाला आमचा. थोरली त्या खुर्चीत बसली, मांडीवर पाट घेतला, आणि दोघं आलटून पालटून सांगत गेले तसं तिने एक अक्षर न बदलता लिहून घेतलं:

मेहेरबान साहेबांच्या सेवेशी. खाली सह्या करणार शेजारी शेजारी, एका विहिरीचे निम्मे निम्मे मालक, विनंती करतात की, या हद्दीत नोटरी नसल्याने आमच्यापैकी एकाची हरकत शपथेवर होऊ शकत नाही. तरी सदर बाईंची नोटरी म्हणून फक्त एका दुपारपुरती नेमणूक व्हावी. त्या दुपारी त्या स्वतःविरुद्धची हरकत आमच्यापैकी एकाकडून शपथेवर लिहून घेतील, आणि ती मीच मागवली होती असा दुसऱ्याचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, जबाबही शपथेवर घेतील. दोन्हींवर शिक्का मारून झाल्यावर त्यांची नेमणूक रद्द समजावी, व हरकतीचा निकाल साहेबांना योग्य वाटेल तसा द्यावा. सदर दुपारी बाई जे लिहितील ते खरं धरण्यात यावं, त्याला आम्हा दोघांचीही हरकत नाही. दुपार कोणतीही चालेल, मात्र ती उद्याच्या आधीची असावी, ही नम्र विनंती.